क्षितिजाच्या अलीकडे

पडेगावच्या एका शाळेच्या सभागृहात तारांगणाचा काळा घुमट फुगवला होता. आत मुलं मांडी घालून बसली होती आणि अंधारात एक घनगंभीर आवाज सांगत होता, "कृष्णविवर म्हणजे विश्वातली राक्षसीण! जवळचं, लांबचं... सगळं ती ओढून गिळते!"

"साफ खोटं," अंधारातूनच दुसरा आवाज आला.

राजनंदिनी पाहुणी म्हणून आली होती. विद्यापीठात ती मृत ताऱ्यांवर पीएचडी करत होती, आणि चुकीचं विज्ञान ऐकून गप्प बसण्याची शालीनता तिच्या अंगी बाणली नव्हती. "सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी आत ओढली जाणार नाही. गारठेल, पण आपल्या कक्षेतच फिरेल. कृष्णविवराभोवती एक सीमा असते, क्षितिज. ते ओलांडलं, तरच परतीची वाट संपते."

खेळ संपल्यावर घुमटाचा मालक पुढं आला. कुरळे केस, कपाळावर घाम, ओठांवर अवेळी हसू.

"मी मंदार. ती राक्षसीण माझीच. क्या मॅडम, पोरांसमोर इज्जतीचा पार फालुदा केलात!"

"इज्जत एवढी प्यारी असेल, तर निवेदन बदला."

"बदलतो ना. तुम्ही सांगाल तसं... चहा घेता घेता?"

तिनं रागानं पाहिलं खरं — पण नकार द्यायचा राहूनच गेला.

पुढं दर चहाला एकेक वाक्य दुरुस्त होऊ लागलं. काही चुका तो मुद्दाम करतो, असा तिला संशय होता. त्या तपासायला ती मुद्दाम येते, असा त्याला.

घरी मात्र वेगळंच गुरुत्व काम करत होतं. वडिलांच्या माघारी घर चालवणाऱ्या अप्पारावकाकांनी लासूर स्टेशनच्या सुदर्शनचं स्थळ आणलं होतं. मुलगा सज्जन होता, इतका सज्जन, की "लग्नानंतर पीएचडी कशाला?" हा प्रश्न त्यानं स्वतः न विचारता आईकरवी विचारला. राजनंदिनीला कुणी विचारलं नव्हतं आणि तीही 'नको' म्हणाली नव्हती. या दोन मौनांच्या बेरजेला संमती म्हणण्याची आपल्याकडे फार सुसंस्कृत परंपरा आहे. रविवारी सुपारी फुटणार होती. सुपारी फुटली, की शब्द पक्का; त्यानंतरची माघार म्हणजे दोन्ही घरांची बेअब्रू.

शनिवारी दुपारी नव्या निवेदनाची तालीम होती. घुमटात दोघंच.

"उद्या माझी सुपारी फुटतेय," तिनं सांगून टाकलं. "मग संशोधनही संपलं."

प्रोजेक्टरवरचा त्याचा हात थबकला. "आणि... तुमची मर्जी?"

ती काही बोलणार, तोच वीज गेली. हवा भरणारा पंखा थांबला. माथ्यावरचं कापड सावकाश खाली येऊ लागलं.

"घाबरू नका. आतली हवा रेटते, तोवरच हे उभं."

"ताराही तसाच," ती पुटपुटली. "गाभ्यात इंधन आहे तोवर आतली उष्णता बाहेर रेटते, वजन आत दाबतं — बरोबरी. इंधन संपलं, की गाभा कोसळतो. तो फार जड असला, तर कोसळणं थांबतच नाही. मग तिथून सुटायला प्रकाशाहून जास्त वेग लागतो... तेवढा कशालाच नसतो. आत सगळ्या वाटा आणखी आतच जातात." तिची विद्यापीठाची भाषा गळून पडली. "सुटका नाय, मंदार. काका ऐकायचे नायत. कुणीच नाय."

कापड डोक्याला टेकणार, तेवढ्यात त्यानं दोन्ही हातांनी ते तिच्यावर उचलून धरलं. त्याचा श्वास तिच्या कपाळाला जाणवला...

"साफ खोटं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"राक्षसीण लांबूनच ओढते, हे निवेदन माझं होतं. तुमचं काय होतं? क्षितिज ओलांडलं, तरच. सुपारी उद्या आहे, मॅडम. आज तुम्ही अलीकडं आहात."

ज्या चुकीसाठी तिनं भरल्या सभेत त्याला फटकारलं होतं, तीच चूक आपल्या आयुष्यात ती इमानेइतबारे करत आली होती.

"आणि तुम्ही? तुम्ही नाही ओढत?"

"मी कशाला ओढू? मीच केव्हाचा तुमच्याभोवती फिरतोय." तो हसला नाही. "पण काकांना 'नाही' म्हणायचं, तर स्वतःसाठी म्हणा. माझ्यासाठी नको."

तिनं फोन लावला.

"काका, उद्या सुपारी फोडू नका... नाय, मला कुणी शिकवलं नाय. मला हे लग्न नको. संशोधन पुरं करायचंय... व्हय, पाहुण्यांना मीच कळवते."

पलीकडं आरडाओरडा झाला — आणि फोन बंद. पण ती रडली नाही.

वीज आली. पंखा घरघरला. घुमट पुन्हा वर चढला... मंदारचे हात मात्र तसेच वर राहिले, उगाचच.

"बाहेर पडायचं?" त्यानं विचारलं.

"थांब." पहिल्यांदाच 'तू'! ती त्याच्याकडे रोखून पाहत राहिली. "तुझं क्षितिज कुठवर आहे, ते मला नीट बघू दे. हे मी कुणाच्या सांगण्यावरून ओलांडणार नाही."

आणि तिनं — पूर्ण शुद्धीत, पूर्ण विचारांती — एक पाऊल पुढं टाकलं.