चौकस आणि गवई मॅडमचं घड्याळ

लोणारजवळच्या चाचणीतळावर चंद्रावरच्या गुहेसारखं एक लांबलचक भुयार खोदलं होतं. चौकस नावाच्या, कुतूहलावर चालणाऱ्या यंत्रमानवाने आज त्यात शिरायचं होतं, तेही कुणी हुकूम न देता, आपणहून! नाही शिरला तर शलाकाचा प्रकल्प बंद. तपासणी समिती खुर्च्या टाकून बसलेली, आणि हा पठ्ठ्या शलाकाच्या वरिष्ठ गवई मॅडमच्या मनगटाला डोळे चिकटवून उभा!

"मॅडम, हात मागे घ्या ना!" शलाका कुजबुजली.

"घेतला की हाही मागे येतो गं."

मॅडमच्या चावीच्या घड्याळाला तबकडीच नव्हती. काचेखाली सगळा संसार उघडा. एक चाक दुसऱ्याला ढकलतंय, मध्ये इवलंसं तोलचक्र झुलतंय. मीटिंगमध्ये शलाकाही तेच बघत बसायची.

"त्यात बघण्यासारखं काय आहे एवढं?" समितीचे अध्यक्ष बारटक्के वैतागले. "आमची अणुघड्याळं कधी चुकत नाहीत."

"म्हणूनच त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, सर!" शलाका म्हणाली. " जे पूर्ण कळलं त्याचा चौकसला कंटाळा येतो. जे मुळीच कळत नाही त्याचाही. पण जे जवळजवळ कळलंय आणि तरी हुलकावणी देतं, तिथे तो अडकतो. तोलचक्राचा प्रत्येक झोका केसभर वेगळा असतो ना!"

"मग आम्ही काय घड्याळ बघत बसू?"

शलाका मॅडमकडे वळली. "मॅडम, ते त्याच्याच हातात द्या. पाठ झालं की सोडेल."

"माझ्या लेकीलासुद्धा हात लावू देत नाही मी!" असं म्हणत मॅडमनी ते काढून दिलं.

चौकस बघत राहिला. बारटक्क्यांनी जांभई दिली. अखेर "पाठ झालं," म्हणत चौकस घड्याळ हातात धरूनच वळला आणि नवं काही शोधत उन्हातून भुयाराच्या तोंडाशी गेला. आतून गार झुळूक आली. तो थबकला.

"झोका बदलला!"

आणखी दोन पावलं आत. "पुन्हा बदलला!"

शलाकाने उडीच मारली. "गारव्याने घड्याळातली कमान, म्हणजे स्प्रिंग, ताठरते, सर! जितकं आत, तितकं गार, तितकं नवं!"

चौकस अंधारात दिसेनासा झाला. बारटक्के खुर्चीवरून उठलेच. "मंजूर! पण चंद्रावर पाठवताना…"

"प्रत्येक यंत्राला एक चावीचं घड्याळ द्यावं लागेल, सर."

"अरे, माझं घड्याळ!" मॅडम भुयारात डोकावून ओरडल्या. "परत ये आधी!"

खोलवरून उत्तर आलं, "मॅडम, याला चावी कशी देतात?"