पाद्रीबंगल्याचा पंखा

वाहिद मिस्त्री भुताखेतांना भिणाऱ्यातला नव्हे. माणसांवर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि हंसाबाईवर तर अजिबात नाही.

कापसाने जिल्ह्याचा घात केला होता त्या वर्षांतली, दोन हजार सहाच्या मे महिन्यातली ही गोष्ट. दिग्रसच्या जिनिंग, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्या, एकेक करून बंद पडत होत्या, नवं घर बांधायला कुणी काढत नव्हतं. म्हणून आर्णीच्या रस्त्यावरच्या पाद्रीबंगल्याची डागडुजी आली तेव्हा वाहिदने लगेच हो म्हटलं. त्यात त्याचा आणखी एक हिशेब होता. त्याच्या अम्मीने, जैबुनबीने, तीस वर्षं जिनिंगमध्ये काम केलं आणि तिथला सगळा फुफाटा छातीत भरून घेतला. आता तिला दोन वाक्यं बोलली तरी धाप लागे, आणि यंत्रांच्या खडखडाटाने कानही मंद झाले होते. घरावर टिनाचं छप्पर, लाइट दुपारभर गायब. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, हिला गारव्यात ठेवा, नाहीतर हा उन्हाळा काही निघायचा नाही.

आणि बंगला बांधलाच होता उन्हाळ्याशी भांडायला. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, दोन हात जाडीच्या भिंती, चहूबाजूंनी ओसरी, आढ्याशी झरोके. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात उपाशी माणसांनी तो उभा केला, पाद्र्याने मजुरीत ज्वारी वाटली म्हणे. वाहिदने चुन्याच्या गिलाव्यावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात त्या गवंड्यांना सलाम केला. मधल्या खोलीच्या आढ्याला दोन लोखंडी कड्या होत्या आणि ओसरीकडच्या भिंतीत मुठीएवढं भोक. एके काळी त्या कड्यांना कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भोकातून बाहेर जाई आणि ओसरीत गडी बसून ती ओढत राही. आता पंखा नव्हता, दोरीही नव्हती. ओसरीत गड्याचा दगडी ओटा तेवढा उरला होता.

वाहिदने अम्मीची खाट नेमकी त्याच खोलीत टाकली. राखणदारीण हंसाबाई धावत आली.

"वाहिदभाऊ, तिथं नोको निजवू तुह्या मायले."

"काहून?"

"माह्या आजाचा बाप, हरिसिंग, इथं पंखा ओढे. पाद्रीच्या मडमेले ताप आलता. हवा चालू राहे तोवरच तिचा श्वास चाले. एका दुपारी तिलेच त्याची कीव आली. 'बस' म्हणाली. यानं दोरी सोडली... अन् ती गेली." हंसाबाईने भोकाकडे पाहिलं. "तवापासून तिथं कोणी निजलं का तो ओढते. निजणाऱ्यानं 'बस' म्हणेस्तोवर ओढते."

"हे पुराण दुसऱ्या कोणाले सांग, बाई!" वाहिद हसला. त्याला सगळं लख्ख दिसत होतं. डागडुजी झाली की नवी माणसं येणार आणि बाईचं बिऱ्हाड उठणार. म्हणून ही सगळी नाटकं.

तिसऱ्या दुपारी लाइट गेली. वाहिद मागच्या भिंतीला थापी मारत होता. तेवढ्यात आवाज आला. कर्र... कर्र... कर्र...

तो खोलीत आला. अम्मी गाढ झोपली होती. कित्येक महिन्यांनी तिची छाती संथ वरखाली होत होती. कपाळावरची पांढरी बट उडत होती, थांबत होती, पुन्हा उडत होती. खोलीत घामाचा वास होता, राबणाऱ्या माणसाच्या शिळ्या घामाचा.

वाहिद ओसरीत धावला. ओटा रिकामा. कोपऱ्यात हंसाबाईचा झाडू पडलेला. सापडली चोरी!

"दोरी कुठं लपवली, बोल!" त्याने तिला विहिरीवर गाठलं.

"मी इथं कपडे धुऊन राह्यली ना, भाऊ!" तिने ओले हात दाखवले. त्याला ते ढोंग वाटलं.

अम्मी उठली ती खुशीत. "कोण हवा घालत होतं रे? लय सवाब, लय पुन्य मिळंल त्याले."

दुसऱ्या दिवशी दुपारी कर्रकर्र सुरू होताच वाहिदने विटांचे तुकडे आणि सिमेंट घेऊन बाहेरून भोक बुजवून टाकलं. आवाज बंद झाला. "ओढ म्हणा आता!" तो म्हणाला, आणि थापी धुवायला वळला. तोच आतून अम्मीची घरघर ऐकू आली.

तिचे ओठ काळेनिळे पडले होते. वाहिदने तिला उचललं, दवाखान्यात न्यायला निघाला. ओसरीत पोचला आणि त्याची नजर बुजवलेल्या भोकाकडे गेली. ओल्या सिमेंटमध्ये बोटभर खोल खाच पडली होती. न दिसणारी दोरी कुणी खेचत असावं तशी ती त्याच्या डोळ्यांदेखत खोल होत गेली. त्याने अम्मीला परत खाटेवर टाकलं, पुन्हा बाहेर येऊन नखांनी सिमेंट आणि विटा उकरून काढल्या. कर्र... अम्मीने श्वास घेतला. वाहिद तिच्या पायाशी बसून लेकरासारखा रडला.

अम्मीने डोळे उघडले. जन्मभर तिची एकच खोड होती. हमाल असो, रिक्षावाला असो, जरा दमलेला दिसला की ती म्हणायचीच, बाबा, टेक थोडा.

"कधीचा ओढून राह्यला बिचारा," ती पुटपुटली. "बेटा, त्याले सांग..."

वाहिदने तिच्या तोंडावर हात दाबला. आयुष्यात पहिल्यांदा.

कर्रकर्र आपोआप थांबली. भोकातून एक कोरडा, म्हातारा आवाज आला.

"बस का, माय?"

"नाही! नाही, बाबा... ओढा. तुमच्या पाया पडतो, ओढा!"

हाताखाली अम्मीचा श्वास लागेना.

"मग तू ये," आवाज म्हणाला.

वाहिद बाहेर धावला. भोकातून दोरी लोंबत होती, घामाने काळी पडलेली. त्याने ती धरली. टोक गरम होतं. तो ओट्यावर बसला आणि ओढली. आत अम्मीने श्वास घेतला.

पायरीवर हंसाबाई उभी होती. तिने अंग चोरून कुणाला तरी वाट दिली, डोक्यावरून पदर घेतला, आणि धुळीत एकामागून एक उमटणाऱ्या अनवाणी पावलांमागे रडत रडत पार फाटकापर्यंत गेली.

कर्र... कर्र... वाहिदचे खांदे भरून आले. ऊन अजून उतरलं नव्हतं.

"आता कोण आहे रे बाहेर?" आतून अम्मीचा आवाज आला, झोपाळू, मायेने भरलेला. "तूही थकला असशील, बाबा..."

"अम्मी, बोलू नोको!" वाहिद ओरडला. "एक अक्षर बोलू नोको!"

पण तिला कमीच ऐकू यायचं, आणि त्याच्या दोन्ही हातांत दोरी होती.