धुराड्याचे वेढे

शरणप्पा गवंड्याची बायको रुद्राणी रुसून अक्कलकोटला माहेरी जाऊन बसली होती, आणि या खेपेला दोष सासूचा नव्हता, गिरणीच्या धुराड्याचा होता. सोलापुरातलं ते दीडशे फुटी धुराडं शरणप्पानेच बांधलेलं, आणि घरही त्याच्याच पायथ्याशी. वारा सुटला की ते डुलायचं. बरं, वारा पश्चिमेचा, आणि डुलणं मात्र दक्षिणोत्तर. कुणीतरी बाजूनं ढकलतंय, अशी तिची खात्रीच पटली. "डुलायचं थांबलं की येते," एवढाच तिचा निरोप होता.

मुंबईच्या इंजिनियरानं कागदावर गोल काढून समजावलं होतं, की वारा धुराड्यामागं भोवरे सोडतो, एक डावीकडून, एक उजवीकडून. म्हणून ते आडवं हलतं. उपाय विचारला तर विलायतेला पत्र लिहितो म्हणाला. पत्र गेलं ते गेलंच. शेवटी शरणप्पाची आत्या ईरम्मा वैतागली.

"वडाला सूत गुंडाळत्यात, तसा ह्येला दोर गुंडाळ की. तिरका. आत काय आसंल ते बांधलं जाईल."

अमावास्येला गिरणी बंद, भट्टी थंड. शरणप्पानं आदल्या दिवशीच अक्कलकोटला 'उद्या डुलणं थांबवतो, ये' असा निरोप धाडला होता. तिसऱ्या प्रहरी तो मनगटाएवढा काथ्याचा दोर घेऊन धुराड्याभोवती बांधलेल्या परांचीवर चढला. "मागनं ये," त्यानं जोडीदार जोतीरामला सांगितलं. मागं पावलं वाजत होती.

वर वारा मी म्हणत होता. धुराडं पोटातून घुमत होतं, जुन्या काजळीचा कुबट वास येत होता आणि पायाखालची फळी हळूहळू सरकत होती. शरणप्पा भ्यायला होता, चांगलाच भ्यायला होता. तो दोराचं टोक धुराड्यामागं सरकवी. पलीकडून ते अलगद त्याच्या हाती येई.

"जोत्या, ताण धर..."

"धरलाय..." दबका आवाज आला.

वेढ्यावर वेढा बसत गेला तसं डुलणं मंदावलं. दिवेलागणीला शेवटची गाठ बसली आणि धुराडं जागच्या जागी थांबलं. वारा तसाच होता. शरणप्पाला आनंदानं रडूच आलं.

"चल, उतर आता."

"तुमी व्हा फुडं... आलोच."

खाली जोतीराम लिंबाखाली डोकं धरून बसला होता.

"तू कवा उतरलास?"

"चढलोच कुटं, मिस्त्री? चौथ्या फळीवरच घेरी आली. तुमी एकलंच वर बोलत हुता..."

शरणप्पानं वर बघितलं, परांची रिकामी होती. दोन तांबे पाणी पिऊन, अंधार पडेपर्यंत तो लिंबाखालीच बसला. मग तो घराकडं धावला. दारात रुद्राणी उभी होती. हात पिठानं माखलेले, चेहरा कितीतरी दिवसांनी हसरा.

"टांग्यातनंच बघितलं, जरासुदिक हालत न्हाय. आता मी कुटं जात न्हाय." मग तिनं आवाज खाली आणला. "अवो, ह्यो नवा जोडीदार कोन? तुमच्या मागनं उतरला आनि सरळ आत येऊन पाटावर बसला. लई भुकेजलाय, चवथी भाकरी चाललीया... परत वर जायाचं न्हाय, हितंच ऱ्हातो म्हनतोय..."