पहिन्याच्या चढावरची थाप

अॅस्टरच्या जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात, शेडखाली, मी, माझा चुलतभाऊ ओम आणि शेजारची रोशनी बसलो होतो. सावळीराम आबा फुलांच्या टेम्पोची वाट बघत होते. आबांनी चाळीस वर्षं जीपगाड्या दुरुस्त केल्या. त्यांच्या बोटांच्या रेषांत अजूनही काळं तेल आहे, कितीही हात धुतले तरी जात नाही.

"आबा, भुताची सांगा," ओम म्हणाला. "पण खरी."

"खोटी सांगायला मी काय पुढारी हाय?"

रोशनीने पाय वर घेतले.

"आत्ताच? अजून सुरू पण नाही झाली," ओमने तिला चिडवलं.

"तुझ्या सॉक्सचा वास येतोय म्हणून घेतले."

आबा हसले नाहीत. "दीपकची सांगतो," ते म्हणाले. "त्याची गाडी मीच तयार करून दिली होती. तवा मला ठाव असतं तर हात लावला नसता."

दीपक त्र्यंबकच्या अलीकडे राहतो. त्याच्या वडिलांची, गोटीरामची, चौऱ्याहत्तर सालची जीप होती. चारही चाकांनी ओढणारी. ती त्र्यंबक ते घोटी पॅसेंजर भरून चालायची. मग एका पावसाळ्यात अचानक बंद केली आणि पंचवीस वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. गोटीराम वारले. दीपकला ती विकायची होती. मिळेल ती किंमत त्याला चालणार होती, पण जीप अंगणातून जायला हवी होती. रात्री तो त्या बाजूची खिडकी उघडत नसे.

मुंबईचे एक शौकीन शेठ बघायला आले. त्यांनी दोन तास गाडी तपासली. कुठे पुट्टी भरून दुरुस्ती केली आहे का बघायला खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवलं. इंजिन मूळचं, मीटर मूळचे, काचेची चौकटसुद्धा मूळची. शेठ खूश झाले. मग मागे गेले आणि वाकले.

"ही डावी पायरी नंतरची आहे."

"गंजली होती," दीपक म्हणाला. "बदलली."

"अपघात वगैरे?"

"कधीच नाय."

"लिहून द्याल? अपघाताची गाडी मी घेत नाही. नंतर कळलं तरी परत पाठवीन."

दीपकने बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं.

गाडी घोटीला पोचवायची होती. तिथून पहाटे पाच वाजता ती मोठ्या ट्रकवर चढणार होती. तारीख होती १६ जानेवारी २०२५, गुरुवार. पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. रस्ता स्वच्छ दिसत होता.

"पहाटं निघा की," दीपकची बायको छाया म्हणाली.

"इंजिन जुनं हाय. रात्री थंडीत तापत नाय. हळू जायचं तर हाताशी वेळ पायजे."

"इंजिनाची लय काळजी. मी दिवसभर तापते तवा कोणी विचारत नाय."

दीपक हसला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तो एकटाच निघाला. फाटकातून जीप बाहेर पडली तेव्हा त्याने मोठा श्वास सोडला, असं त्यानेच आबांना सांगितलं. वाटलं, सुटलो.

पहिने गाव मागे पडलं. चढ लागला. दोन्ही बाजूंना झाडी. इंजिन छान चाललं होतं.

मागच्या पत्र्यावर थाप पडली.

एकच.

आबा इथे थांबले. "तुम्हाला ठाव नसंल," ते म्हणाले. "पॅसेंजरच्या जीपला मागं पायरीवर एक माणूस उभा ऱ्हायचा. त्यानं एक थाप मारली की थांबायचं. दोन मारल्या की चालायचं. डायव्हर मागं बघत नाय. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो."

दीपकचा पाय ब्रेकवर गेला.

जीप थांबली. मग त्याच्या लक्षात आलं की मागे कोणीच नाही. आरशात नुसता चांदण्यातला रस्ता.

तेवढ्यात जीप दबली. मागून. डाव्या अंगाला. स्प्रिंग करकरली, जसा कोणी पाय ठेवून वर चढल्यावर करकरते.

दोन थापा.

त्याने गाडी सोडली. दुसरा विचारच आला नाही. पण जीप आता ओढेना. रिकामी जीप, आणि वीस माणसं बसल्यासारखी धापा टाकत होती. त्याने छोटा गिअर टाकला. चारही चाकांनी डांबर धरलं. तरी जीप जेमतेम सरकत होती.

थाप.

तो थांबला नाही.

थाप... या वेळी जोरात. पत्रा दणाणला. आणि मागून नाही. बाजूने. त्याच्या जवळून.

तो थांबला नाही.

मग त्याच्याच सीटच्या पाठीवर.

दीपक थांबला. इंजिन चालू. हात स्टिअरिंगवर. मान वळेना. मानेमागे कोणीतरी... श्वास नव्हता. काहीच नव्हतं. नुसतं जवळ असणं होतं.

जीपवाला कोणालाही जे विचारतो, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"कुठं... उतरायचं?"



मग...

"घरी."

दोन थापा. हळू. जवळजवळ मायेनं.

रोशनीने माझा हात धरला होता. तिची नखं रुतत होती, पण मी हात सोडवला नाही.

"मग?" ओमने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय. घोटीपर्यंत गेला. तिथं पोचेस्तोवर जीप हलकी झालती. ट्रकवर चढवली. शेठ फोनवर खूश. हा पहिल्या एसटीनं घरी आला आणि दोन दिवस झोपला."

"पण तो कोण होता?"

आबांनी गोणपाट उगीच सारखं केलं.

"नाथा. गोटीरामच्या जीपवर मागच्या पायरीला उभा ऱ्हायचा. नव्व्याण्णव साली त्याच चढावर डावी पायरी तुटली. लोंबकळत त्यानं एक थाप मारली. गाडी नाय थांबली. लोकांना सांगितलं, ट्रकनं उडवला. त्याला तिथंच ठेवून आले. घरी कोणी नेला नाय."

"गोटीराम किती वाईट," रोशनी म्हणाली.

"गोटीराम त्या दिवशी तापानं घरी होता."

रोशनीने माझा हात सोडला.

"दीपकनं मला परवा सांगितलं. म्हणाला, आबा, थाप मी ऐकली होती. गाडी भरलेली, उशीर झालेला. वाटलं, नाथाकाका आणखी पॅसेंजर घ्यायला सांगतोय. म्हणून मीच गाडी नाय थांबवली..."

दूर टेम्पोचा दिवा दिसला. आबा उठले.

"पण आबा, आता सुटला ना तो?" ओमने घाईने विचारलं. "गाडी तर गेली."

"गाडी गेली," आबा म्हणाले. "आता मोटरसायकल हाय त्याच्याकडं. साधी, नवी. रात्री उभी करताना मागच्या माणसाची दोन्ही फूटरेस्ट तो दुमडून ठेवतो. सकाळी डावं उघडं असतं. रोज. स्प्रिंग ढिली असंल म्हणून माझ्याकडं आणली. मी स्प्रिंग बदलली. तरी उघडं. मग परवा रात्री मीच त्याच्या अंगणात जाऊन ते तारेनं आवळून बांधलं. पक्कडीनं चार पिळे दिले."

"आणि?"

"सकाळी डावं उघडं. तार तुटली नव्हती. सरळ करून, नीट गुंडाळून, सीटवर ठेवली होती."