काळ्या कोंबडीची बोली

सारा उजागरेनं त्या दिवशी फक्त एक माशी हाकलली होती. हे मी आज सांगतोय. त्या दिवशी सांगितलं नाही, कारण माझ्या हातात काळी कोंबडी होती आणि तोंडात ‘साडेसहाशे, दोन वार’ होतं.

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीत सुगी आली की उपकारस्तुतीचा सण होतो. ज्यानं त्यानं आपल्या कष्टाचं काहीतरी आणायचं... कुणी बाजरी, कुणी पेरू, कुणी घरचं लोणचं. ते वेदीपुढे ठेवायचं आणि उपासना झाली की आवारातल्या चिंचेखाली त्याचा लिलाव. भाव बाजाराचा नसतो, मनाचा असतो. पैसा मंडळीच्या कामाला जातो. लिलाव पुकारायचं काम गेली तीस वर्षं माझ्याकडे आहे. एक लिंबू मी चारशेला विकलंय. लोक नऊशे म्हणतात. मी कुणाला खोटं पाडत नाही.

तर साडेसहाशेची बोली होती योहान पाटोळेची. भिंगारचा पोरगा, लष्कराच्या स्टोअरमध्ये नोकरीला, खिशात पैसा आला की खिसा भाजतो अशा जातीचा. माझा ‘तीन वार’ ओठावर आला, आणि समोर साराच्या नाकावर माशी बसली. तिनं हात उचलला.

“सातशे!” मी ओरडलो. “एक वार, दोन वार, तीन वार! कोंबडी साराबाईंची!”

“काका!” तिचा आवाज असा चढला की चिंचेवरचे कावळे थेट भिंगारच्या दिशेनं गेले. “मी बोली लावली नाही! माशी होती!”

“सणाच्या दिवशी माशीसुद्धा देवाचीच,” मी म्हणालो.

सगळी मंडळी हसली. पण सर्वांत जास्त हसला योहान. सारा वळली.

“तुम्हाला हसायला काय झालं?”

“काही नाही... एवढ्या रागानं कोंबडी घेणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.” मग तिचे डोळे पाहून तो जरा मऊ झाला. “राहू द्या. सातशे मी भरतो.”

“आमच्याकडे उधारी चालत नाही,” ती म्हणाली. “एक आहे तेवढी पुरे.”

पर्सच्या चोरकप्प्यातून तिनं शंभराच्या सात नोटा काढल्या, एकेक मोजत, एकेकीला शेवटचा निरोप दिल्यासारखं. कोंबडी काखेत मारली आणि केडगावच्या रिक्षात... छे, रिक्षात कसली? पायी निघाली. योहान बघत राहिला. मी त्याला बघत राहिलो. माझं वय झालंय, डोळे झालेले नाहीत.

त्या एका उधारीची गोष्ट अशी. साराचे वडील सॅमसन उजागरे एमआयडीसीत लेथवर. केडगावात घर घेतलं, वीस वर्षांचं कर्ज. पहिल्या वर्षाचा बँकेचा कागद आला, आणि भरलेल्यातलं बहुतेक व्याजातच गेलेलं पाहून ते असे संतापले की चष्म्याची काच तडकली. “वीस वर्षं ह्यांना पोसू? आठात मोकळा होतो!” लोक काटकसर भीतीनं करतात. उजागऱ्यांच्या घरात ती रागानं चालायची. हप्ता भरून जे उरेल ते मुद्दलात. घरात चहा म्हणजे पाण्याला चहाची बातमी सांगणं. साबणाचा उरलेला पापुद्रा नव्या वडीला चिकटवायचा. त्या साबणाची वंशावळ पाद्रीसाहेबांनी वाचायला घेतली असती तर उपासना दुपारपर्यंत लांबली असती. टीव्ही नव्हता, शेजारच्या सविताबाईंची मालिका हे लोक भिंतीला कान लावून ऐकायचे आणि नटीचा चेहरा प्रत्येकानं आपापला धरायचा. नाताळच्या चांदणीची पाच टोकं होती, आता तीन राहिलेली. तरी ती दर डिसेंबरला लागायची, रागानं.

सारा शाळेत शिकवायची. तिचा पगारही त्याच वाटेनं जायचा. सत्ताविसावं लागलं होतं, स्थळं यायची, आणि ती प्रत्येकाला एकच सांगायची, “आधी घर सुटू दे. माझा पगार थांबला तर पप्पांची आठची दहा वर्षं होतील.”

आणि आठातलं शेवटचं वर्ष सुरू असताना ती सातशेची कोंबडी घेऊन दारात उभी राहिली.

“सातशे?” सॅमसन म्हणाले. ह्या सणाला ते आठ वर्षं गेले नव्हते. त्या रविवारी नेमकी त्यांची पाठ धरायची. “अगं, म्हणून तर मी जात न्हाई! हात खाली ठेव म्हटलं हुतं ना?”

“माशी होती, पप्पा!”

“सातशेची माशी!”

साराची आई, एंजेलाबाई, मधे पडली. “ओरडून अंडं देणार आहे का ती? ठेवा. सातशे फिटेपर्यंत तिनं कामाला लागायचं.”

अशी कोंबडीही कर्जाला लागली. सविताबाईंचा तुरेवाला कोंबडा भिंतीवरून यायचा. तो फुकट होता, म्हणून सॅमसनची हरकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी फाटकाशी बुलेट धडधडली.

“अंडी आहेत म्हणे,” योहान म्हणाला.

“कोण म्हणे?”

“लिलाववाले काका.”

मी म्हणालो असेन. आठवत नाही.

“दोन आहेत. वीस रुपये.”

“गावठीच ना?”

“नाही, विलायती. टायमाला इंग्रजीत ओरडते.”

तो हसला. ती हसली नाही, पण अंडी कागदात गुंडाळताना तिनं कागद जरा जास्तच वेळ दुमडला.

“भिंगारहून इथवर यायचं... चहा वगैरे विचारायची पद्धत आहे का तुमच्याकडे?”

“आहे. घर सुटल्यावर.”

मग तो दर दोन दिवसांनी येऊ लागला. वीस रुपयांची अंडी, साठ रुपयांचं पेट्रोल. साराला हा हिशेब सहन होईना. त्याच्यापेक्षा तिलाच तो जास्त लागायचा.

“एकदम बारा का नेत नाही?”

“बारा नेली तर परवा काय निमित्त सांगू?”

तिनं केसांची बट कानामागे सारली... पुन्हा सारली... बट तिथेच होती. आतून सॅमसन खाकरले. हिवाळाभर हे चाललं. नगरचा कोरडा वारा सुटायचा, फाटकाची कडी वाजायची, आणि ती पळत यायची नि शेवटची चार पावलं मुद्दाम सावकाश टाकायची.

इथे गोष्ट संपली असती. पण पोरगा चांगला असला म्हणून शहाणा असतोच असं नाही.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात त्यानं सहा अंड्यांचे पैसे आगाऊ देऊन ठेवले होते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आला तो थेट घरात, हातात पाकीट.

“अंकल, घराचं किती राहिलं?”

“दोन लाख दहा हजार. सहा महिने,” सॅमसन छाती काढून म्हणाले.

“मी भरतो.”

परसातली कोंबडीसुद्धा गप्प झाली.

“म्हणजे... पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालंय. पगारावर. हे पत्र. उद्या तुमचं खातं बंद. मग सारा मोकळी, आणि आमचं...” त्यानं साराकडे पाहिलं, “आमचं दोघांचं पुढचं बोलता येईल.”

सॅमसन उठले. “कर्ज फेडायला कर्ज? माझ्या घरात? एंजेला, माझा जोडा कुठं हाय?”

पण त्यांच्या आधी सारा उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

“आठ वर्षं आम्ही वरणात डाळ शोधली. मम्मीनं एका साडीवर अकरा लग्नं काढली. पप्पांनी दुखऱ्या दाढेत लवंग धरून दोन वर्षं लेथ चालवला. आता शेवटची पायरी राहिली, तर तुम्ही येऊन म्हणता, व्हा बाजूला, मी चढतो?”

“अगं, मी तुझ्यासाठीच...”

“मला विचारलं होतं? बुलेट हप्त्यावर. मोबाईल हप्त्यावर. आता मीही हप्त्यावर आणायची का?”

“सहा महिने कशाला थांबायचं, एवढंच...”

“कारण ते सहा महिने माझे आहेत!”

ती आत गेली, बाहेर आली आणि साठ रुपये त्याच्या तळहातावर ठेवले. “सहा अंड्यांचे आगाऊ. आमच्याकडे कुणाचं काही बाकी राहत नाही.”

बुलेट सुरू झाली, वळली, गेली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली, आवाज पार विरेपर्यंत. मग एंजेलाबाईला म्हणाली, “मी रडत नाहीये. चिडलेय.” आणि डोळे पुसले.

पुढचे पाच महिने ती चिडलेलीच होती. तिच्या हातात खडू टिकेनात. वर्गातली पोरं सतराचा पाढा न सांगता दोनदा म्हणायची. कोंबडीनं नऊ दिवस अंडं दिलं नाही; दिलं ते उकडलेलंच निघालं असं सविताबाई सांगतात. साराला राग त्याचा होता, त्या पत्राचा होता... आणि संध्याकाळी फाटकाची कडी वाऱ्यानं वाजली की आपण अजून उठतो, ह्याचा सर्वांत जास्त होता.

सप्टेंबरात एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. कडी वाजली. ती उठली नाही. पुन्हा वाजली. वारा दोनदा वाजवत नाही.

फाटकाशी सायकल होती. सायकलवर योहान, नखशिखांत भिजलेला, गालफडं बसलेली.

“दोन अंडी.”

“बुलेट?”

“घरी. पेट्रोल परवडत नाही.”

“का? स्टोअरनं काढून टाकलं?”

“नाही. राग आला.”

“कुणाचा?”

“आधी तुझा. लई आला. मग म्हटलं, ही एवढी चिडते कशावर ते तरी बघू. बुलेटचे कागद काढले आणि व्याज वाचलं...” त्यानं तोंडावरचं पाणी निपटलं. “तेव्हापासून डोकं फिरलंय. पतसंस्थेला नको म्हणून कळवलं. डबा घरनं नेतो. कॅन्टीनचा चहा बंद. आई म्हणते, पोराला कावीळ झाली.”

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं तो लगेच जागेवर बसवला.

“मी चुकलो, सारा. मला वाटलं ते ओझं आहे. ते तुमचं पीक होतं.”

पत्र्यावर पाऊस टिपटिपत राहिला. मग आत जाऊन तिनं दोन अंडी आणली.

“सोळा रुपये.”

“वीस होते ना?”

“सायकलवाल्याला सवलत.”

आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्या शिवून केलेली एक टोपी तिनं त्याच्या डोक्यावर घातली. घातली म्हणजे काय, आदळली. “भिजून आजारी पडाल. औषधं महाग आहेत.”

केडगाव ते भिंगार, भर पावसात, डोक्यावर दुधाची जाहिरात घेऊन तो पोरगा गात गेला. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी वाट दिली, असं मी सांगत असतो.

ऑक्टोबरात सण आला, आणि नवव्या वर्षी सॅमसन उजागरे चर्चच्या पायऱ्या चढले. लग्नातला कोट, ताठ पाठ. एंजेलाबाईच्या हातात ताट. ताटात गच्चीवरचा भोपळा, आणि भोपळ्याला टेकवून, प्लास्टिकमध्ये घातलेला, घराचं कर्ज फिटल्याचा बँकेचा बेबाकी दाखला. आपल्या कष्टाचं काहीतरी आणायचं असतं ना, ते त्यांनी आणलं होतं. वेदीपुढे ताट त्यांनी स्वतः ठेवलं. परत येताना माझ्या कानाशी गुरगुरले, “भोपळा विका. कागदाला हात लावाल तर बघा.”

चिंचेखाली लिलाव सुरू झाला. योहाननं आणली होती काळी तलंग, पहिल्या अंड्याला आलेली कोवळी कोंबडी. नेलेल्या अंड्यांतली काही त्यानं खाल्लीच नव्हती, आईच्या खुडुक कोंबडीखाली उबवायला ठेवली होती. माझ्याकडे तलंग देऊन तो साराजवळ गेला आणि चार घड्या घातलेला कागद तिच्या हातात ठेवला.

“पत्र आहे?” ती म्हणाली.

“वाच.”

तिनं उघडला. बुलेटचा बेबाकी दाखला. शिक्क्यासकट. मी लांबून पाहिलं, पोरीनं तो दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना तिचे कान लाल झाले.

“प्रेमपत्रं काय कुणीही लिहितं,” ती हळूच म्हणाली.

मी पुकारा केला. “काळी तलंग! घराणं सगळ्यांना ठाऊक आहे! बोला!”

“दोनशे,” मागून कुणीतरी.

“तीनशे.”

साराचा हात वर गेला. सरळ. आजूबाजूला माशी औषधालासुद्धा नव्हती.

“सातशे,” ती म्हणाली.

सॅमसननं कोटाची कॉलर धरली. मीही जरा थांबलो. गेल्या वर्षीचं थोडं माझ्याही अंगावर होतं.

“साराबाई, नीट सांगा. नंतर ओरडाल. ही बोली आहे ना?”

“बोली आहे.”

“कोंबडीवरच ना? की कोंबडी आणणाऱ्यावर?”

मंडळी फिदीफिदी हसली. योहान जमिनीत जायला वाट शोधू लागला. सारा मात्र माझ्याकडे अशी रोखून पाहत राहिली की माझ्या हातातली तलंगसुद्धा आक्रसली.

“कोंबडीवर सातशे,” ती म्हणाली. “त्याच्यावर बोली नाही, काका. त्याला लिलावात काढायचं नाही. त्याला मी चहाला घरी नेणार आहे.”

“एक वार...” मी म्हणालो. “दोन वार...”

“चारशेत सुटली असती!” सॅमसन उजागरे चिंच हलेल अशा आवाजात ओरडले. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं, त्या हडकलेल्या पोराकडे पाहिलं आणि हात झटकला. “म्हणा की तीन वार! नाहीतर ही अजून वाढवील!”