हात मागे ठेवा

मधल्या भावाने धाकट्या बहिणीला ठेवायच्या निवासी संस्थेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि ताईचे शिवणयंत्र थांबले.

"ताई, सही कर. अजून किती दिवस ती तुला चावत राहणार? मनगट बघ स्वतःचं."

ताईने बाही खाली ओढली. काय सांगणार होती ती त्याला... की धाकटी आजवर आपणहून कुणालाच चावली नव्हती! धाकटी स्वमग्न होती. कर्कश आवाज झाला की ती सैरभैर व्हायची आणि स्वतःच्याच मनगटात दात रोवायची, आणि ते बघवत नाही म्हणून ताईच आपला हात मध्ये घालायची. जिने या बहिणीपायी नोकरी सोडली, लग्नाचा विषय कायमचा मिटवला, ती मनगटाचे काय घेऊन बसणार? पण मधल्याला दिसत होते ते फक्त वळ, आणि आपली बाजू मांडायची ताईला सवयच नव्हती.

धाकटीच्या उपचार केंद्रातल्या बाई मात्र तिला स्पष्ट बोलल्या होत्या. "तुमचा हात आयता मिळतोय, मग ती स्वतःला आवरायला शिकणार कधी? आता हात मागे ठेवा." त्यांनी सांगितले म्हणून ताईने जीनच्या कापडाचे आठ पदर शिवून एक पट्टी केली होती. आवाज झाला की धाकटीने ती खिशातून काढायची, दातांत धरायची आणि दहा मोजायचे. सरावात धाकटी एकदम हुशार. पण खरी वेळ आली की ताईचाच हात आधी पुढे जायचा. माया कधी धीर धरते का?

"मी सही करणार नाही," ताई म्हणाली.

"मग बस हात फाडून घेत!" मधला ताडकन उठला, आणि त्याच्या कोपराने बटणांचा पत्र्याचा डबा खणखणत फरशीवर आदळला.

खिडकीशी बटणे लावत बसलेली धाकटी ताठ झाली. तिच्या घशातून तो ओळखीचा घुसमटलेला आवाज निघाला, मनगट तोंडाकडे गेले... ताई अर्धी उठली आणि तशीच थांबली. दोन्ही हात पाठीमागे नेऊन तिने बोटांत बोटे इतकी घट्ट अडकवली की नखे रुतली.

"अगं, धर तिला!"

"थांब जरा," ताई कशीबशी म्हणाली.

धाकटीचे दात मनगटाला टेकले... आणि सुटले. तिचा हात खिसा चाचपू लागला, एकदा चुकला, मग पट्टी बाहेर आली. डोळे मिटून ती पट्टी चावत राहिली, दुसऱ्या हाताने मांडीवर थापा मोजत राहिली. दहा झाल्या. तिने पुन्हा दहा मोजल्या. मग पट्टी खिशात ठेवून, कुणाकडेही न बघता ती म्हणाली, "डबा पाडायचा नाही. उचल."

मधला गुडघ्यांवर बसला. बटणे वेचता वेचता त्याने विचारले, "म्हणजे ती तुला चावत नव्हती?"

"मीच हात द्यायचे."

"मला कधी बोलली नाहीस..."

"तू कधी विचारलंस?"

डोळे पुसून त्याने अर्जाची घडी केली आणि खिशात कोंबली. "चुकलो गं ताई," तो म्हणाला. ताईला हुंदका आवरेना. पण कित्येक वर्षांनी छाती हलकी झाली होती.

धाकटी उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"ताई, दहा झाले. आता हात सोड."

तेव्हा कुठे ताईच्या लक्षात आले, की तिचे हात अजून पाठीमागेच होते.