बंद लॅपटॉपमधली अक्षरं

"लॅपटॉप गेल्याचं दुःख नाही, ताई. माझी अक्षरं गेली!"

अक्षरचित्रकार बाई गुप्तहेर ताईंना सांगत होत्या. स्पर्धेसाठी त्यांनी दोन वर्षं खपून एक वर्णमाला घडवली होती. शनिवारी त्या बाजारात गेल्या असताना लॅपटॉप चोरीला गेला आणि रविवारी ती वर्णमाला इंटरनेटवर झळकली. स्पर्धेला अप्रकाशित कामच चालायचं. त्यांचं नाव बाद झालं.

"जाताना लॅपटॉप नुसता मिटला होता की बंद केला होता?" ताईंनी विचारलं.

"पूर्ण बंद. पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. दुसरी प्रतही नाही कुठे."

"चोरानं पासवर्डचं कुलूप फोडलं, झालं!" ताईंचे सोबती, दातांचे डॉक्टर, म्हणाले.

ताईंनी मोबाइलवर ती चित्रं दाखवली. बाईंनी नाक मुरडलं. "हा 'ळ' पोट फुगल्यासारखा दिसायचा. शुक्रवारी संध्याकाळीच सुधारला मी."

लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवून देणारा बाईंचा मित्र महिनाभर परगावी होता. तो फोनवर म्हणाला, "लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवरचं सगळं सांकेतिक करून ठेवतो. बंद लॅपटॉप चोरला तर हाती नुसता कचरा. शिवाय ती लॅपटॉप इंटरनेटलाही जोडत नाही."

"आणि सुरू असताना?"

"तेव्हा कुलूप उघडलेलंच. समोर बसेल त्याला सगळं दिसणार."

बाईंचा नवराही अक्षरचित्रकार. हीच स्पर्धा त्यानं पूर्वी दोनदा जिंकली होती. तो हसला. "घरी काम करणाऱ्याला कशाला हवीत असली कुलपं? सगळं थोतांड. चोरानं चुटकीसरशी उघडलंच ना!"

"नाही उघडलं," ताई म्हणाल्या. "शनिवारच्या चोराला नवा 'ळ' मिळाला असता. झळकला तो जुना. म्हणजे नक्कल त्याआधीच झाली, लॅपटॉप सुरू असताना, या घरात. मित्र परगावी होता. उरलात तुम्ही. चोरी हा नंतरचा देखावा."

"म्हणजे कुलूप कुचकामीच की!" डॉक्टर म्हणाले.

"उलट, डॉक्टर. ते पक्कं होतं, म्हणून तर परक्या चोरावरचा संशय गेला. घरातल्या माणसासाठी ते नव्हतंच."

ताई नवऱ्याकडे वळल्या. "बायकोला इतकं पाण्यात पाहता?"

त्यानं मान खाली घातली. "ती अंघोळीला गेली होती. लॅपटॉप सुरूच होता. पूर्वी लोक मला शोधत यायचे, ताई. आता दार उघडलं की मलाच विचारतात, 'मॅडम आहेत का?'"

बाई नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एकदा बोलला असतास, तर वर्णमाला दोघांच्या नावानं पाठवली असती मी."

"माहीत होतं," तो म्हणाला. "ते तर मला मुळीच सोसलं नसतं."